कलकत्त्याची बस्ती आणि शेजारधर्म

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी शिड्या बाहेर निघतात, पिंपात चुना भिजत पडतो आणि वर्षभराच्या धुराने काळवंडलेल्या भिंतींवरून कुंचे फिरू लागतात. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावीत, खचलेली भुई चोपून घ्यावी, मोरीची फुटलेली फरशी बदलावी, हेही तसेच नेमाचे काम. घराची डागडुजी ही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु ज्या घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आहे, ज्या घरात दोन वेळच्या अन्नाचीच विवंचना आहे, किंवा जे घर राहणाऱ्याच्या मालकीचेच नाही, त्या घराची डागडुजी कोणी करावयाची? आणि अशी घरे एखाददुसरी नसून सबंध वस्तीच तशी असली तर? हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा वाटतो. वस्तुतः तो समाजाचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता शहरासमोर तो अत्यंत भीषण स्वरूपात उभा राहिला, आणि त्या वेळी त्या शहराच्या एका भागाने त्याला जे उत्तर दिले, ते आजही विचार करण्याजोगे आहे.

त्या उत्तराचे मोल कळण्यासाठी प्रथम कलकत्त्याची ‘बस्ती’ म्हणजे काय, हे समजून घ्यावयास हवे. २००१ पासून या शहराचे अधिकृत नाव कोलकाता असे झाले आहे. पण येथे बोलावयाचे आहे ते मुख्यतः जुन्या कलकत्त्याविषयी. आपण ‘वस्ती’ हा शब्द कोणत्याही लोकवस्तीसाठी वापरतो. कलकत्त्यात ‘बस्ती’ या शब्दाला विशिष्ट अर्थ आला. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर खापरी कौले, मध्ये चिंचोळे अंगण, त्या अंगणाभोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब, सर्वांना मिळून एक शौचकूप आणि पाण्याची एकच जागा, अशा झोपड्यांचा समूह म्हणजे बस्ती. मोठमोठ्या हवेल्यांच्या पाठीमागे, तळ्यांच्या काठी, गिरण्यांच्या व गोद्यांच्या आसपास अशा बस्त्या वसल्या. शहराला लागणारे हमाल, गाडीवान, मोलकरणी, भिस्ती, कारागीर हे सगळे याच बस्त्यांतून येत.

या बस्तीची खरी विलक्षणता तिच्या बांधणीत नव्हे, तर तिच्या मालकीत होती. जमीन एकाची, झोपडी दुसऱ्याची आणि राहणारा तिसराच, अशी ही तीन मजली व्यवस्था होती. जमीनदार आपली मोकळी जागा ठरावीक भाड्याने एखाद्या मध्यस्थाला देई. हा मध्यस्थ म्हणजे ‘ठिका’ कूळ. तो त्या जागेवर स्वतःच्या खर्चाने झोपड्या उभारी आणि त्यांतील एकेक खोली गरीब भाडेकऱ्याला देई. आता डागडुजीचा प्रश्न आला म्हणजे काय होई ते पाहावे. जमीनदार म्हणे, झोपडी माझी नाही. ठिका कूळ म्हणे, जमीन माझी नाही. ती उद्या काढून घेतली तर केलेला खर्च कोण भरून देणार? आणि भाडेकरू म्हणे, जमीनही माझी नाही, झोपडीही माझी नाही. मी भाडे भरतो, भिंत मी का लिंपावी? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बिनतोड होते. परिणाम मात्र एकच होई: गळके छप्पर गळतच राही आणि तुंबलेले गटार तुंबलेलेच राही. लोक दुष्ट होते म्हणून बस्ती मोडकळीस आली नाही. घर नीट ठेवण्यात कोणाचाच स्वार्थ उरला नाही, म्हणून ती मोडकळीस आली. १९४९ साली ठिका कुळांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९८१ च्या कायद्याने अशा जमिनी सरकारकडे घेण्यात आल्या, यावरून हा गुंता किती जुना व किती खोल होता, हे ध्यानी येईल.

अशा शहरावर प्लेगची छाया पडली. पण कलकत्त्यात प्लेग पोचण्याआधी तेथे दुसरे काही तरी पोचले होते. ते म्हणजे मुंबई आणि पुणे येथील हकीकती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात या रोगाचे निदान झाले. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा झाला आणि सरकारी अधिकाऱ्यांना घरांत शिरण्याचे, रोग्यांना हलविण्याचे व सामानाचा नाश करण्याचे व्यापक अधिकार मिळाले. मुंबईत हवा व उजेड आत यावा म्हणून घरांची कौले काढण्यात आली, भिंती धुऊन चुन्याने पांढऱ्या करण्यात आल्या, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशा खुणेची अक्षरे रंगविण्यात आली. पुण्यात हेच काम रँडच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांकडून करविले गेले. सोजीर देवघरात व स्वयंपाकघरात शिरले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर आले. लोकांच्या मनाला ते किती झोंबले, याची साक्ष २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांनी दिली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पुण्यात जे करण्यात आले, त्यातील पुष्कळसा भाग तत्कालीन वैद्यकाला धरून होता. घर झाडणे, केर जाळणे, भिंतींना चुना देणे, अंधाऱ्या खोलीत उजेड आणणे, यांत मुळात वाईट काहीच नाही. प्रत्येक गृहिणी हेच करीत असते. वाईट होती ती घरात शिरण्याची रीत. जो माणूस न विचारता, हत्यार घेऊन, पायांत बूट घालून उंबरठा ओलांडतो, त्याच्या हातचा चुनादेखील अपमान वाटतो. याच पुण्याने त्याच काळात दुसरीही रीत पाहिली होती. सावित्रीबाई फुले यांनी आपल्या दत्तक पुत्राच्या, डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांना आणून त्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच सेवेत तो रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. पुढारी म्हणविणारे अनेकजण शहर सोडून गेले असता लोकमान्य टिळक पुण्यातच राहिले व हिंदूंसाठी प्लेगचे स्वतंत्र रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोग्याला घराबाहेर नेणे दोन्हीकडे होते. परंतु एका ठिकाणी तो ओढून नेला जात होता, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला आपल्या माणसाने खांदा दिला होता.

१८९८ च्या एप्रिलअखेर कलकत्त्यात प्लेगचे रोगी असल्याचे जाहीर झाले, तेव्हा लोकांना रोगापेक्षा अधिक भय वाटले ते पुण्यातील प्रकारांच्या पुनरावृत्तीचे. सक्तीने लस टोचतात, धरून रुग्णालयात नेतात, तेथून कोणी परत येत नाही, अशा अफवा उठल्या. हजारो माणसे मिळेल त्या गाडीने, होडीने, पायी शहराबाहेर पडू लागली. काही ठिकाणी दंगेही झाले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन वुडबर्न यांनी पुण्याचा धडा ओळखला आणि सक्तीचा मार्ग सोडून रोग्याला घरीच वेगळे ठेवण्यास मुभा देण्याचे धोरण स्वीकारले. हा शहाणपणा नमूद केला पाहिजे. पण सक्ती गेली म्हणून घाण गेली असे होत नाही. सोजीर येणार नव्हते हे खरे. मग बस्तीतील गटारे उपसावयास येणार कोण?

स्वामी विवेकानंद त्या वेळी दार्जिलिंग येथे प्रकृतीसाठी राहिले होते. वार्ता कळताच ते कलकत्त्यास परतले. त्यांनी बंगाली व हिंदी भाषांत एक पत्रक तयार करविले. भिऊ नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, घर, अंथरूण, मोरी, अंगण स्वच्छ ठेवा, शिळे अन्न खाऊ नका, ज्याला कोणी नाही त्याने आमच्याकडे यावे, असा त्याचा आशय होता. या कामासाठी पैसा कोठून आणावयाचा, असे एका गुरुबंधूने विचारले असता, प्रसंग पडल्यास मठासाठी बेलूर येथे नुकतीच घेतलेली जमीन विकू, असे त्यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. ती वेळ आली नाही. त्या वर्षी साथ फारशी फैलावली नाही. परंतु १८९९ च्या मार्चमध्ये प्लेग परत आला, आणि या वेळी तो रेंगाळला.

३१ मार्च १८९९ रोजी रामकृष्ण मिशनने बस्त्यांच्या सफाईचे काम हाती घेतले. या कामाच्या चिटणीस होत्या भगिनी निवेदिता. मूळच्या आयर्लंडच्या मार्गारेट नोबल या १८९८ च्या जानेवारीत कलकत्त्यास आल्या होत्या आणि उत्तर कलकत्त्यातील बागबाजार भागात, बोसपाडा गल्लीत, एका लहानशा घरात राहून त्यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. ‘पाडा’ हा बंगाली माणसाच्या जिव्हाळ्याचा शब्द आहे, आपल्या ‘आळी’सारखा. पाड्यातील माणूस म्हणजे केवळ शेजारी नव्हे, तर सुखदुःखाचा वाटेकरी. निवेदिता साहेबांच्या चौरंगीत न राहता पाड्यात राहिल्या, म्हणूनच त्या पाड्यातील घरांची दारे त्यांना उघडी झाली. प्रत्यक्ष कामावर देखरेख स्वामी सदानंद यांची होती. मिशनचे आणखी काही संन्यासी त्यांच्या मदतीला होते. मजुरीने लावलेल्या थोड्या सफाई कामगारांना बरोबर घेऊन बागबाजार, श्यामबाजार व आसपासच्या बस्त्यांतून साठलेला केर काढणे, गाड्या भरून तो बाहेर पाठविणे, गटारे मोकळी करणे, जंतुनाशक औषधे शिंपडणे, असा हा कार्यक्रम होता.

तथापि पैसे देऊन लावलेल्या मजुरांनी एवढे मोठे काम होणारे नव्हते, आणि झाले असते तरी त्याने बस्तीचे मन जिंकले गेले नसते. म्हणून २२ एप्रिल रोजी क्लासिक थिएटरमध्ये एक सभा भरविण्यात आली. अध्यक्षस्थानी स्वामी विवेकानंद होते, आणि प्लेगच्या संकटात विद्यार्थ्यांचे कर्तव्य काय, या विषयावर निवेदितांचे भाषण झाले. सभेअखेर सुमारे १५ विद्यार्थ्यांनी आपली नावे नोंदविली. पंधरा हा आकडा एवढ्या महानगराच्या मानाने नगण्य वाटेल. पण ही मुले कोण होती हे पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. ती भद्रलोकांच्या घरची, कॉलेजात शिकणारी मुले होती. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून बस्ती होती, परंतु त्या बस्तीत त्यांनी जन्मात पाऊल टाकलेले नसेल. आता तीच मुले घरोघर पत्रके घेऊन जाऊ लागली, झोपडीतील माणसाशी बोलू लागली, आणि दर रविवारी एकत्र जमून आठवड्याच्या कामाविषयी सूचना घेऊ लागली. डागडुजी प्रथम कुठे झाली असेल, तर ती या दोन भिंतींमधील अंतराची.

या काळातील एक आठवण थोर इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांनी पुढे सांगितली आहे. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक आणि रियासतकार सरदेसाई यांचे आजन्म स्नेही म्हणून जदुनाथ महाराष्ट्राला परके नाहीत. सफाई कामगार मिळेनासे झाले असता एके दिवशी बागबाजारच्या रस्त्यावर एक गोरी स्त्री स्वतः झाडू हाती घेऊन केर काढीत असलेली त्यांनी पाहिली. ते दृश्य पाहून आळीतील तरुणांना लाज वाटली व त्यांनीही झाडू उचलले. झाडूमध्ये असे सामर्थ्य असते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. रात्री कीर्तन करण्यापूर्वी दिवसा गाव झाडून काढणारे गाडगेबाबा आपल्याकडे होऊन गेले. स्वच्छतेवर व्याख्यान देणाऱ्याला लोक ऐकतात. झाडू घेणाऱ्याला पाहून लोक उठतात.

याहून हृदयस्पर्शी हकीकत आहे ती डॉ. राधागोविंद कर यांनी लिहून ठेवलेली. कलकत्त्याचे आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे डॉक्टर. चैत्रातील एका दुपारी रोगी तपासून ते घरी आले, तो एक युरोपियन बाई त्यांची वाट पाहत बसलेल्या दिसल्या. त्या निवेदिता होत्या. बागबाजारच्या एका बस्तीत डॉक्टरांनी सकाळी प्लेगने आजारी असलेले एक मूल पाहिले होते. त्याची व्यवस्था काय झाली आहे, हे विचारण्यासाठी त्या आल्या होत्या. मुलाची आई प्लेगनेच गेली होती. डॉक्टरांनी धोक्याची कल्पना दिली व जपून राहण्यास सांगितले. दुपारनंतर ते पुन्हा त्या झोपडीत गेले, तेव्हा ओल आलेल्या त्या कोंदट जागेत मुलाला मांडीवर घेऊन निवेदिता बसल्या होत्या. आपले घर सोडून त्या तेथेच राहिल्या. घर निर्जंतुक करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी एक लहानशी शिडी आणली आणि स्वतः भिंतींना चुना देण्यास प्रारंभ केला. मूल वाचणार नाही हे स्पष्ट दिसत असताही त्यांच्या शुश्रूषेत खंड पडला नाही. दोन दिवसांनी ते मूल त्यांच्याच मांडीवर मरण पावले.

या प्रसंगावर क्षणभर थांबले पाहिजे. मूल वाचले नाही. मग त्या शिडीचा व त्या चुन्याचा उपयोग काय झाला, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर संमिश्र आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन याने शोधून काढला होता. परंतु तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये मांडलेले मत अद्याप मान्य झालेले नव्हते. त्याला सर्वमान्यता मिळावयास पुढे सात-आठ वर्षे लागली. त्यामुळे भिंतीवरील चुन्याने प्लेगला आळा बसतो, ही तत्कालीन समजूत फारशी खरी नव्हती. साचलेला केर व खरकटे निघाल्याने उंदरांचे अन्न कमी होते, एवढा लाभ सफाईचा निश्चित होता. रोगावर औषध कोणापाशीच नव्हते. सोजिरांपाशी नव्हते, संन्याशांपाशीही नव्हते.

पण साथीच्या काळात शहराला दोन रोग होतात. एक शरीराचा आणि दुसरा भयाचा. भयाच्या रोगाने माणूस आपल्या आजारी भावाला लपवितो, शेजाऱ्याचे दार लागलेले पाहून पुढे निघून जातो, आणि अखेर घर टाकून पळतो. वस्ती मरते ती या दुसऱ्या रोगाने. ज्या झोपडीकडे कोणी फिरकत नाही, त्या झोपडीत कोणी येऊन बसतो, तिच्या भिंतीला हात लावतो, तेव्हा ती झोपडी पुन्हा माणसांच्या जगात येते. आजूबाजूच्या दहा दारांतून ते पाहिले जाते. आजार लपविण्याचे कारण उरत नाही, आणि जो आजार लपत नाही त्याची व्यवस्था लावता येते. चुना भिंतीला दिला गेला. डागडुजी झाली ती विश्वासाची. पुण्यातील सोजिरांनी वापरलेला चुना आणि बागबाजारच्या शिडीवरील चुना एकाच भट्टीतला असेल. त्यांचे फळ मात्र एकमेकांच्या उलट निघाले.

या कथेचा धागा पुढे एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन मिळतो. १९०० साली पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी निवेदितांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाच्या कामात काही काळ साहाय्य केले. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ; पण त्यांचे मन शहरांकडे ओढले गेले होते. १८८६ मध्ये विवाह झाल्यानंतर लवकरच ते पत्नीसह एडिंबरोच्या जुन्या गावठाणातील जेम्स कोर्ट नावाच्या दाटीवाटीच्या चाळवजा वस्तीत राहावयास गेले. एकेकाळी विद्वानांचे वसतिस्थान असलेली ती जागा तोवर दैन्याने ग्रासली होती. गेडिस पतिपत्नींनी तेथे समिती नेमली नाही. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी अंगण झाडले, भिंती रंगविल्या, खिडक्यांत फुलझाडे लावली. मग इतरांची घरे दुरुस्त करण्याचे काम ओघाने आले, आणि जुन्या एडिंबरोचा तो भाग हळूहळू सावरला. दोन देशांत, दोन भिन्न कारणांनी, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी आधी वस्तीत राहावयास जाऊन मगच तिच्या भिंतीला हात लावला होता. त्यांची भेट नंतर झाली, हे विशेष. भारतीय जीवनावरील आपल्या १९०४ च्या ग्रंथात निवेदितांनी गेडिस यांचे ऋण मान्य केले आहे.

हेच गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्या काळी आपल्या शहरांत सुधारणा म्हणजे पाडापाड, असे समीकरण रूढ होत होते. प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा मंडळ स्थापन झाले, आणि त्याच धर्तीवर १९११ च्या कायद्याने कलकत्त्यातही झाले. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ता काढावयाचा, मध्ये येणारी घरे जमीनदोस्त करावयाची, ही त्यांची पद्धत. नकाशावर तो रस्ता सुंदर दिसे. पण घर गेलेला गरीब माणूस शेजारच्या बस्तीत शिरून तेथील दाटी दुप्पट करी. गेडिस यांनी याविरुद्ध आवाज उठविला. शस्त्रवैद्य जसा सडलेला तेवढाच भाग कापतो आणि बाकीचे शरीर राखतो, तसे वस्तीवर उपचार करावे, असे त्यांचे सांगणे होते. एखादे पडके घर काढून तेथे लहानसे अंगण करावे, गल्ली थोडी मोकळी करावी, एक झाड लावावे, उरलेली घरे दुरुस्त करावीत; म्हणजे माणसे आपल्या जागी राहतात आणि वस्तीही निरोगी होते. कलकत्त्याच्या बडाबाजार भागासंबंधी त्यांनी महानगरपालिकेला १९१९ मध्ये दिलेल्या अहवालामागे हीच दृष्टी आहे. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले, मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक.

गेडिस यांची युक्ती सर्वांत रंगतदार ठरली ती होळकरांच्या इंदुरात. त्या शहरावरील त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम चालू असताना शहराला प्लेगने ग्रासले होते आणि लोकांचा या परक्या गृहस्थावर विश्वास नव्हता. दिवाळीत त्यांनी एक भव्य मिरवणूक काढण्याचे ठरविले, आणि असे जाहीर केले की मिरवणुकीचा मार्ग ठरलेला नाही. ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे सर्वांत अधिक झाडून, दुरुस्त करून, रंगवून ठेवतील, त्या रस्त्याने ती जाईल. झाले! आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. ज्याच्याने आपले घर होईना, त्याच्या मदतीला शेजारी धावले असतील, हे सहज समजण्यासारखे आहे. कारण एक घर मळके राहिले तरी सबंध आळीची मिरवणूक हुकणार होती. केराच्या गाड्याच्या गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रचंड प्रतिमा होत्या, लक्ष्मी होती, आणि नवी वस्त्रे नेसलेले, फुलांनी सजविलेले, नवे झाडू घेतलेले शहराचे सफाई कामगार सन्मानाने चालत होते. रात्री त्या राक्षसाचे दहन झाले. हुकूम न काढता, दंड न ठोकता, लोकांच्याच सणातून लोकांची घरे दुरुस्त करून घेणारा असा अधिकारी विरळा.

आता पुन्हा कलकत्त्याकडे वळू. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि शहरावरील ताण असह्य झाला. १९५८ मध्ये बस्त्या हटविण्याचा कायदा झाला. परंतु लाखो लोकांसाठी नवी घरे बांधण्याइतका पैसा कोठेच नव्हता. १९६६ च्या मूलभूत विकास आराखड्याने ही वस्तुस्थिती मान्य केली, आणि १९७० मध्ये स्थापन झालेल्या महानगर विकास प्राधिकरणाने पाडापाडीऐवजी आहे तीच बस्ती सुधारण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. नळाचे पाणी, बंद गटारे, फरसबंद गल्ल्या, दिवे, टोपलीच्या शौचकुपांऐवजी आरोग्यकारक शौचालये, या सोयी लाखो लोकांच्या दारी पोचल्या. पन्नास वर्षांपूर्वी गेडिस यांनी जे सांगितले, ते अखेर गरजेने पटले, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही २०११ च्या जनगणनेत शहरातील सुमारे १४ लाख लोक, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश वस्ती, झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले. आणि सुधारलेल्या बस्त्यांतही जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. नळ कोणाचा? फुटलेली मोरी कोणी बदलावयाची? सोय सरकारने केली, देखभाल मात्र बेवारस राहिली.

या सगळ्या इतिहासाचा निष्कर्ष काय? स्वयंसेवकांनी कुंचे घेतले की शहरे सुधारतील, असा भाबडा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जलवाहिनी पंधरा विद्यार्थी टाकू शकत नाहीत, जमिनीच्या मालकीचा गुंता सद्भावनेने सुटत नाही, आणि प्लेगची लस झाडूने तयार होत नाही. ही कामे शासनाची आहेत व ती शासनानेच केली पाहिजेत. शेजारधर्माचे गोडवे गाऊन त्याला त्यातून सुटता येणार नाही. परंतु शासनाचे हात जेथे संपतात, तेथून पुढे उंबरठा लागतो. कायदा उंबरठ्यापर्यंत नळ आणू शकतो. आतल्या माणसाला ‘तू आमच्यातला आहेस’ असे सांगू शकत नाही. ते शेजाऱ्यालाच सांगावे लागते, आणि पुष्कळदा ते शब्दांनी न सांगता एखादे कौल सरळ करून, एखादी मोरी उपसून, एखादी भिंत चुन्याने उजळून सांगावे लागते. ज्या गरजू माणसाचे घर अशा रीतीने सावरते, त्याला घराबरोबर शेजारही परत मिळतो. आणि पुढची फुटलेली मोरी कोणाची, हा वाद मग पूर्वीइतका अवघड राहत नाही.

बागबाजारातील त्या मुलाचे नाव इतिहासाने टिपून ठेवलेले नाही. त्याची झोपडीही केव्हाच गेली असेल. पण दिवाळीपूर्वी आपण आपल्या भिंतीला चुना देऊन शिडीवरून खाली उतरू, तेव्हा ती लगेच माळ्यावर टाकण्यापूर्वी क्षणभर शेजारच्या दाराकडे पाहावे. तेथे एखादी म्हातारी एकटी राहत असेल, एखाद्या घरात दीर्घ आजार असेल. शिडी बाहेर काढलेलीच आहे, आणि पिंपात थोडा चुना उरलेला असतोच.